सिमसिमाच्या पोटातलं मीठ

त्या मांजरीच्या मूत्रपिंडांनी दम धरला, तर वगीह अफेंदींच्या पदरात पडणार होतं ते असं: एक दिवसाआड चार वाजता तिसऱ्या मजल्यावरचा चहा, चहाबरोबर खजूर भरलेली बिस्किटं, समुद्राकडे तोंड केलेल्या सज्ज्यातली वेताची खुर्ची, आणि आज ना उद्या, वरच्याची मर्जी असेल तर, त्या घराच्या विधवा मालकीणबाई, खुद्द दौलत हानिम. हे त्यांनी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. अलेक्झांड्रियाच्या बंदरात छत्तीस वर्षं वजनकाट्यावर काढलेल्या माणसाला लिहावं लागत नाही. कापसाची गासडी नुसती बघून तो वजन सांगतो. मग स्वतःच्या नशिबाचं पारडं त्याला कळणार नाही?

आणि मांजरी गेली, तर? तर दौलत हानिमच कैरोला जाणार, हे उघड होतं. त्यांच्या नणंदबाई, तान्त इनायात, हानिमचा नवरा वारल्यापासून दोन वर्षं हेच टुमणं लावून होत्या. "इथे एकटी कशाला कुजतेस? माझ्याकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत." यावर हानिमचं एकच उत्तर असे, "सिमसिमाची डॉक्टर इथे आहे." सबंध इब्राहिमिया भागात एका बाईला तिच्या घरात धरून ठेवणारी ती तीन किलो नऊशे ग्रॅमची राखाडी मांजरी तेवढी होती. वगीह अफेंदींना तिच्या प्रकृतीची काळजी वाटे ती अगदी मनापासून. का वाटे, हा प्रश्न वेगळा.

सिमसिमा तेरा वर्षांची. गेल्या शरदात ती खंगायला लागली, पाणी मात्र घागरीने पिऊ लागली. डॉक्टर मिरेत यांनी रक्त तपासलं, लघवी तपासली, पोटाची सोनोग्राफी केली आणि सरळ सांगितलं, "दोन्ही मूत्रपिंडं निम्म्याच्या वर गेलीत. गेलेलं परत येत नाही. उरलंय ते जपायचं. पूर्वी अशा मांजरीला आम्ही महिन्या-दोन महिन्यांची मुदत द्यायचो. आता वर्षंच्या वर्षं काढतात. पण पथ्य म्हणजे पथ्य. मीठ, मासळी, हाडं, कुणाच्या ताटातला घास, काही नाही."

मग सुरू झालं ते सगळं: मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीचं खास डब्यातलं खाणं, त्यावर फॉस्फरस बांधून बाहेर काढणारी पांढरी पूड, दर महिन्याला शेपटीला चिमुकला पट्टा बांधून रक्तदाब, आणि एक दिवसाआड मानेमागच्या कातडीखाली शंभर मिली सलाईन. सुई घरीच टोचायची. दौलत हानिमचे हात कापत. खालच्या मजल्यावरचे वगीह अफेंदी पुढे झाले. डॉक्टरांनी त्यांना आधी संत्र्यावर शिकवलं. आठवडाभर त्यांच्या घरातलं प्रत्येक संत्रं पाण्याने टरारून फुगलेलं असे.

सात महिने त्यांनी एकही वार चुकवला नाही. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांच्या दुखण्याचं माप, तीन पॉइंट आठवरून दोन पॉइंट नऊवर आलं, तेव्हा हानिम त्यांना म्हणाल्या होत्या, "उस्ताझ वगीह, तुमच्या हातात बरकत आहे." खुश न झालेलं या घरात एकच होतं. सिमसिमा. वगीह अफेंदींची पावलं जिन्यात वाजली की ती कपाटाखाली. सात महिन्यांत तिने त्यांच्याकडे बघितलं असेल तर फक्त शत्रूकडे बघतात तसं.

असा सगळा मामला असताना शम्म अन-नसीमचा, वसंताचा सण आला.

त्या दिवशी या शहरात फसीख न खाणारा माणूस एकतर आजारी असतो, नाहीतर परदेशी. महिनोन्‌महिने मिठात मुरवलेला बोईस मासा. वास असा की शेजारच्या गल्लीला जेवणाचं बोलावणं जावं. फसीख आणण्याचं काम वगीह अफेंदींनी मागून घेतलं होतं. त्यांनी दुकानदाराला काटा दोनदा शून्यावर आणायला लावला, मासे घेतले, आणि वर स्वतःच्या खिशातून एक चीज घेतली जी यादीत नव्हती: माशाच्या पोटातली खारवलेली गाभोळी. एकच. अंगठ्यापेक्षा जाड, केशरी, दुकानात उरलेली शेवटची.

अकरा वाजता मेज मांडलं. फसीख, पातीचा कांदा, लिंबू, रंगवलेली अंडी, ताज्या भाकऱ्या. आदल्या रात्रीच कैरोहून येऊन दाखल झालेल्या तान्त इनायात म्हणाल्या, "वा, उस्ताझ वगीह! मासा आणलात की सीमाशुल्क चुकवून जहाजच रिकामं केलंत?"

"तुमच्या कैरोत असा मिळत नाही, हानिम."

"आमच्या कैरोत असे शेजारीही मिळत नाहीत. सकाळी मासा, दुपारी सुई, संध्याकाळी काय असतं?"

दौलत हानिमनी नणंदेकडे डोळे वटारले. वगीह अफेंदींनी ती संधी साधून गाभोळी त्यांच्या ताटात ठेवली. "हे तुमच्यासाठी."

"अगंबाई! गाभोळी!" हानिम म्हणाल्या आणि हसल्या. त्या हसण्याचं वजन वगीह अफेंदींनी मनातल्या मनात केलं. भरलं चांगलं.

सिमसिमाला झोपायच्या खोलीत कोंडलं होतं. पण इनायातबाईंनी शाल आणायला दार उघडलं आणि ती सटकली. मेजाखाली येऊन, ज्यांच्या पावलांच्या आवाजाने ती सात महिने कपाटाखाली पळत होती, त्यांच्याच पोटरीला तिने अंग घासलं. एकदा. मग उलटीकडून एकदा. वर बघितलं.

आता इथल्या लोकांत एक रीत आहे, आणि ती कुराण-बायबलाइतकीच कसोशीने पाळली जाते: ज्याच्या नाकात वास गेला, त्याच्या तोंडात घास गेलाच पाहिजे. गर्भारशी असो, भिकारी असो, मुकं जनावर असो. नाहीतर त्याचा जीव त्यात अडकतो आणि खाणाऱ्याला ते बाधतं. वगीह अफेंदींनी इकडेतिकडे पाहिलं. नखाएवढा तुकडा. एवढ्याने काय होतंय? त्यांनी हात मेजाखाली नेला. खरखरीत जीभ बोटांवरून फिरली आणि चौसष्टाव्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. नखाएवढ्याचा अंगठ्याएवढा झाला तो त्यामुळेच.

साडेबाराला मेज आवरलं. दौलत हानिमच्या ताटात, जिथे बाराला गाभोळी तशीच होती, आता लिंबाची साल तेवढी होती. गाभोळी चाटूनपुसून खाल्ली म्हणायची, असं वगीह अफेंदींना वाटलं, आणि त्यांना बरं वाटलं.

चार वाजता ते नेहमीप्रमाणे सुई घेऊन आले. सिमसिमा कपाटाखाली गेली नाही. गप्प पडून राहिली. पाण्याचं वाडगं रिकामं होतं. "आज पाणी चांगलं प्यायली," हानिम म्हणाल्या. वगीह अफेंदींनी शंभर मिली सलाईन, म्हणजे मिठाचंच पाणी, कातडीखाली सोडलं.

पाच वाजून दहा मिनिटांनी सिमसिमा उठली, दोन पावलं चालली आणि खुर्चीच्या पायावर आदळली. मागे सरली. पुन्हा त्याच पायावर आदळली.

"सिमसिमा?" हानिमनी हाक मारली. मांजरीने आवाजाकडे तोंड केलं. डोळे पूर्ण काळे झाले होते, बाहुली काठोकाठ पसरलेली. हानिमनी तिच्या तोंडासमोर बोटं हलवली. पापणी लवली नाही.

"तिला दिसत नाहीये," हानिम म्हणाल्या. मग ओरडून म्हणाल्या, "तिला दिसत नाहीये!"

सणाचा दिवस. डॉक्टर मिरेत माहेरच्या गोतावळ्यात बागेत बसल्या होत्या. फोनवर त्यांनी दोनच प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "दवाखान्यात या. मी निघाले." दरवान बखीतने टॅक्सीसमोर स्वतःला जवळजवळ झोकून देऊन ती थांबवली.

टॅक्सी गर्दीत मुंगीच्या पावलाने सरकत होती. वगीह अफेंदी पुढे, मांडीवर टोपली. टोपलीत आता सिमसिमाचे पाय झटके देत होते. मागे नणंद-भावजय.

"तिने फसीख खाल्लंय," दौलत हानिम म्हणाल्या. "तिच्या तोंडाला वास येतोय. इनायात, दार तू उघडलंस."

"शाल आणायला उघडलं गं!"

"दिलंस का तिला काही?"

इनायातबाई पुटपुटल्या, "ताटं धुताना... एवढीशी कातडी. तीन वाजता. ती बघत होती माझ्याकडे, दौलत. जीव अडकला असता तिचा."

"आता अडकला नाही ना? तुला हेच हवं होतं! ही गेली की मी कैरोला आलेच!"

"वल्लाही, असं बोलू नकोस! माझ्या भावाने आणलेली मांजर ती. मी तिच्या वाईटावर असेन?"

मागे रडणं सुरू झालं. पुढे वगीह अफेंदी समोरच्या काचेतून बघत होते आणि त्यांच्या डोक्यातला काटा आपसूक हलत होता. एका पारड्यात त्यांनी गप्प बसणं टाकून पाहिलं. खर्च काही नाही. दोष नणंदेच्या माथी, नणंद उद्याच्या गाडीने कैरोला, पुन्हा या उंबऱ्यावर यायची नाही. सात महिन्यांत जे सुईने साधलं नाही, ते एका मौनाने साधत होतं. इतका स्वस्त माल बंदरात कधी उतरला नव्हता. दुसऱ्या पारड्यात काय होतं? मांडीवर टोपली होती, आणि तिला दर काही क्षणांनी हिसका बसत होता.

डॉक्टर मिरेत सणाच्या फुलाफुलांच्या झग्यात दवाखाना उघडून उभ्या होत्या. त्यांच्याही अंगाला फसीखचा वास येत होता. त्या दिवशी तो वास कुणाचा धर्म विचारत नसे. त्यांनी शेपटीला पट्टा बांधला. आकडा बघून पुन्हा बांधला.

"दोनशे चाळीस. हिचा एरवी दीडशे असतो." त्यांनी डोळ्यांत उजेड टाकला. "दाबाने डोळ्यामागचा पडदा सुटलाय. दोन्ही." गोळीचा चतुर्थांश तुकडा खलून त्यांनी तो तोंडात सोडला, पायातून रक्त काढलं आणि यंत्रात घातलं. यंत्र घरघरत होतं तोवर कुणी खुर्चीवर बसलं नाही.

"सोडियम एकशे चौऱ्याऐंशी," डॉक्टर म्हणाल्या. "मीठ. मेंदूपर्यंत गेलंय, म्हणून हे झटके. आता सगळ्यांनी नीट ऐका. हे मीठ गेल्या काही तासांत पोटात गेलं असेल, तर मी ते रक्तातून झपाझप उतरवू शकते, बिनमिठाचं पाणी देऊन. पण तीन-चार दिवसांपासून थोडं थोडं जात असेल, तर मेंदूने त्याच्याशी जुळवून घेतलेलं असतं. मग झपाझप उतरवलं तर मेंदू सुजतो, आणि मांजर माझ्या हातून मरते. हळू उतरवलं तर तिच्याकडे तेवढा वेळ नाही. तर मला सांगा, किती दिलं आणि केव्हा?"

"कातडी," इनायातबाई रडत म्हणाल्या. "दोन बोटं. तीन वाजता."

"अजून?"

"बखीतला विचारा," दौलत हानिम म्हणाल्या. वगीह अफेंदींनी फोन लावला. पलीकडून बखीतचा खणखणीत आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला. "शेपूट दिलं, साहेब! नुसतं शेपूट, दोन वाजता! सणाचा दिवस, ती जिन्यात येऊन बसली, मी काय काफर आहे?"

डॉक्टरांनी मान हलवली. "कातडी आणि शेपटाने एकशे चौऱ्याऐंशी होत नाही. म्हणजे आधीपासून जात असणार. मी हळू उतरवणार."

त्यांनी बिनमिठाच्या पाण्याची बाटली टांगली आणि तिची कळ अगदी बारीक केली. थेंब. बराच वेळ काही नाही. थेंब. टेबलावर सिमसिमाची मान मागे ताठ वळली.

"मी दिलं," वगीह अफेंदी म्हणाले.

तिघीजणी वळल्या.

"फसीख. अकरा वाजून वीस मिनिटांनी. पंचवीस ग्रॅम, फार तर सत्तावीस. आणि चार वाजता मीच सुई दिली. तिच्या पोटात काय आहे हे ठाऊक असूनही दिली. मला वाटलं, एवढ्याने काय होतंय."

दौलत हानिमचा चेहरा बघण्याची त्यांची छाती झाली नाही. इनायातबाईंची झाली. "अच्छा!" त्या म्हणाल्या. "टॅक्सीत ही मला खुनी ठरवत होती, तेव्हा हे शेजारी समुद्र बघत होते काय?"

"वजन नक्की?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझं वजन चुकत नाही, डॉक्टर."

डॉक्टरांनी मनाशी गणित केलं. कपाळावरची आठी गेली नाही. "तरीही पुरत नाही. सलाईन धरूनसुद्धा. अजून बरंच कुठूनतरी आलंय. जोवर..."

सिमसिमाचं पोट आवळलं आणि ती ओकली. डॉक्टरांनी लाकडी पट्टीने ते पसरलं. "ही कातडी. हा मासा. आणि हे काय?"

केशरी रवाळ गोळे. न चावता गिळलेले, तीन-चार.

वगीह अफेंदींना ते ओळखायला एक श्वासही लागला नाही. गाभोळी. दुकानातली शेवटची. जी एकाच ताटात गेली होती.

"गाभोळी आहे ही," डॉक्टर म्हणाल्या. "हिच्यात माशाच्या दुप्पट मीठ. उरलेलं मीठ सुटायच्या आत ओकली हे नशीब. ही कुणी दिली? सांगा पटकन, आजची की कालची?"

दौलत हानिम पर्सची कडी उघडत होत्या. मिटत होत्या. उघडत होत्या. त्यांचे ओठ हलले, पण शेजारी नणंद उभी होती, जिला त्यांनी तासाभरापूर्वी खुनी म्हटलं होतं.

डॉक्टरांचा हात कळीवर होता. थेंब.

"तीही मीच," वगीह अफेंदी म्हणाले. "आजचीच. बारा ते साडेबाराच्या मध्ये. चाळीस ग्रॅम."

ग्रॅम खरे होते. वेळ खरी होती. खोटं होतं ते फक्त नाव, आणि रक्ताला नावाशी देणंघेणं नसतं. डॉक्टर मिरेत यांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा त्या पर्सच्या कडीकडे पाहिलं आणि कळ पूर्ण उघडली.

"आजचं सगळं. सात-आठ तासांच्या आतलं. ठीक. आता उतरवते."

पुढचे दोन तास त्या चौघांनी एकच आकडा बघितला. एकशे चौऱ्याऐंशी. एकशे ऐंशी. डॉक्टर दर वीस मिनिटांनी रक्ताचा थेंब यंत्रात घालत. एकशे ऐंशीच. इनायातबाईंची जपमाळ थांबली. मग एकशे पंच्याहत्तर. झटके विरळ झाले. दाब दोनशेच्या खाली आला. एकशे सत्तरला सिमसिमाने जीभ बाहेर काढून स्वतःचं नाक चाटलं आणि डॉक्टर पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या.

"आज रात्री इथेच राहील. मी आहे. मूत्रपिंडांनी थोडं आणखी गमावलं असेल, ते आठवड्याने कळेल. डोळ्यांचं काही सांगत नाही. पडदा लवकर बसला तर दिसेल." मग त्या वगीह अफेंदींना म्हणाल्या, "आणि तुम्ही. सुई तुमची. ताट तुमचं नाही."

जिन्यात इनायातबाईंनी आवाज चढवूनच सांगितलं, म्हणजे चारही मजल्यांची सोय झाली. "सात महिने सुई टोचून वाचवली आणि एका दुपारी गाभोळी चारून मारायला निघाला! बघ दौलत, कुणाला दार उघडतेस ते!" दौलत हानिम भिंतीला धरून चढत राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून वगीह अफेंदींना इमारतीत नवं नाव पडलं: उस्ताझ फसीख. भाजीवाला ते नाव घेई तेव्हा हसू लपवी; बखीत लपवतही नसे. "साहेब, शेपटाचा गुन्हा माफ, पण गाभोळी?" सिमसिमा तिसऱ्या दिवशी घरी आली, हे त्यांना बखीतकडूनच कळलं. वरून बोलावणं आलं नाही. इनायातबाई अजून होत्या. एकीकडे कैरोच्या गाडीची दोन तिकिटं काढायची बोलणी चालली होती म्हणे.

पाचव्या दिवशी सुईचा वार होता. वगीह अफेंदींनी सुई उकळली नाही, कारण ती उकळायची नसते. पण हात तीनदा धुतले. चार वाजता ते तिसऱ्या मजल्यावर गेले आणि घंटेपर्यंत बोट नेऊन थांबले. आत काही तरी आपटल्याचा आवाज आला, आणि मग दार त्यांनी न वाजवताच उघडलं.

"उशीर झाला तुम्हाला," दौलत हानिम म्हणाल्या. त्यांच्या हातात सिमसिमा होती. "दोन मिनिटं."

मागून इनायातबाईंनी काही म्हणायला तोंड उघडलं. हानिम वळल्याही नाहीत. "इनायात, तिकीट एकच काढ."

सिमसिमाचा उजवा डोळा वगीह अफेंदींना बघून बारीक झाला, शत्रूला बघून होतो तसा. डावा झाला नाही. तो काचेसारखा भिंतीकडे बघत राहिला. त्यांनी मानेमागची कातडी चिमटीत धरली आणि सुई टोचली. हानिमनी पहिल्यांदाच तिला स्वतः धरलं होतं. हात कापत होते, पण पकड सोडली नाही.

पन्नास मिली आत गेल्यावर त्या मांजरीच्या कानाकडे बघत म्हणाल्या, "मला गाभोळी कधीच आवडली नाही. तुम्ही इतक्या हौसेने आणली होतीत, म्हणून बोलले नाही."

"ठाऊक असतं तर आणली नसती."

"हं." शंभर मिली पूर्ण झाल्यावर त्यांनी सिमसिमाला खाली सोडलं. मग म्हणाल्या, "चहा घेणार ना?"

बिस्किटं मात्र आली नाहीत. डॉक्टरांच्या शब्दावर घरातलं खाणं आता कुलपात होतं, आणि किल्ली हानिमच्या कमरेला.

तर अखेरचा ताळा असा. तान्त इनायात यांनी दोन बोटं कातडी दिली आणि भावजय गमावली. बखीतने शेपूट दिलं आणि त्याला काहीच भुर्दंड पडला नाही. दरवानाला कधी पडत नाही. डॉक्टर मिरेत यांचा सण गेला. वगीह अफेंदींनी सव्वीस ग्रॅम दिलं, फेडलं सहासष्टचं, आणि वर नाव गेलं. उरलेले चाळीस ज्यांचे होते, त्या दौलत हानिम एक दिवसाआड चार वाजता दार उघडून, नजर खाली घालून, तेवढं तेवढं फेडत राहिल्या. आणि सिमसिमाने, जिने कुणाचं काही घेतलं नव्हतं, फक्त दिलं ते खाल्लं होतं, एक डोळा दिला.